ओटोची आत्या

आपल्या मुलाचं नाव ओटो ठेवावं असं यशोधन खांबेटेच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पण त्या आठवड्यात त्याला झोपच नव्हती, मग स्वप्नं कुठून येणार? तेव्हा जे स्वप्नात व्हायचं ते त्यानं जागेपणी केलं. बॉलपेननं, सहीनिशी.

झालं ते असं. सॉफ्टवेअरच्या धंद्यात वेळेआधी पोचलेली वस्तू यशोधननं जन्मात पाहिली नव्हती. त्याचं स्वतःचं पोर मात्र वेळेच्या चांगले दोन महिने आधी पोचलं, आणि जर्मनीतल्या वाल्डॉर्फ गावच्या घरी सजवून ठेवलेल्या पाळण्यात पडायच्या ऐवजी जवळच्या हायडेलबर्गच्या एका दवाखान्यात काचेच्या पेटीत जाऊन पडलं. ओंजळीत मावेल एवढं. नाकात नळी, पायाला वायर. आणि पेटीशी ब्रिगिटे नावाची थोराड, करड्या केसांची नर्स.

"नाव काय ह्याचं?" तिनं विचारलं.

"अजून नाही. आमच्यात बारशाला ठेवतात. तोवर नुसतं बाळ."

ब्रिगिटेला हे मुळीच पटलं नाही. "नाव नाही? मग मी ह्याला रागावू कशी? ही पोरं अधूनमधून श्वास घ्यायला विसरतात. हाक मारून आठवण द्यावी लागते." आणि तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं की बारसं होईपर्यंत हा ओटो. तिचे आजोबा ओटो असेच मुठीएवढे जन्मले होते आणि म्हणे नव्वदीपर्यंत सगळ्या गावाला पुरून उरले होते. तिनं एका पुठ्ठ्यावर बदक काढलं, बदकाखाली मोठ्या अक्षरांत ओटो लिहिलं आणि पुठ्ठा पेटीला चिकटवला.

मग काय! डॉक्टर ओटो म्हणायला लागले. शेजारच्या पेटीतल्या जुळ्यांचे आईबाप ओटोची चौकशी करायला लागले. यशोधनसुद्धा हात धुऊन आत शिरला की "ओटो, बाबा आला रे," म्हणायचा. अशा अवस्थेत एके सकाळी तो जन्मनोंदणीच्या खिडकीशी उभा राहिला, आणि खिडकीतल्या बाईनं कागदावरून मान वर न करता बाळाचं नाव विचारलं. जागा कोरी ठेवायची सोय होती. बारसं झाल्यावर नाव कळवता आलं असतं. पण झोप न झालेल्या माणसाला प्रश्न विचारला की तो खरं उत्तर देतो. यशोधननं खरं उत्तर दिलं. मग तो कागद घेऊन दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बायकोकडे, मैथिलीकडे गेला आणि "सही कर, त्या काविळीच्या निळ्या दिव्याची परवानगी असेल," असं म्हणून तिचीही सही घेऊन आला. पोटाला टाके, डोक्यात गुंगी. त्या दिवशी मैथिलीनं घरदारही लिहून दिलं असतं.

गेबुर्ट्सउर्कुंडे, म्हणजे जन्माचा दाखला, टपालानं घरी आला तेव्हा मैथिलीला घरी सोडलं होतं, बाळाला अजून नव्हतं. तिनं पाकीट फोडलं, वाचलं, उलटून पाहिलं.

"अरे, हे कुणाचं आलंय आपल्याकडे? शेजाऱ्यांचं का?"

"नाव काय आहे?"

"ओटो खांबेटे."

"शेजारी खांबेटे कुठून आले?" यशोधन म्हणाला, आणि मग त्याला ती खिडकी आठवली.

मैथिलीची आई, स्नेहलताबाई, लेकीच्या बाळंतपणासाठी नाशिकहून आल्या होत्या. त्या स्वयंपाकघरात डिंक तळत होत्या. झारा हातात धरूनच बाहेर आल्या. "काय म्हणालात, यशोधनराव? ऑटो? माझ्या नातवाचं नाव रिक्षा?"

रिक्षापर्यंत ठीक होतं. सासूबाईंचं बोलणं काय, आज आहे, उद्या नाशिकला आहे. यशोधनला धास्ती होती ती वेगळ्याच माणसाची. आपल्याकडे बाळाचं नाव बापानं नाही ठेवायचं, आत्यानं ठेवायचं. पाळण्यात वाकून, बाळाच्या कानात, सगळ्यांत आधी. तोपर्यंत तिला कुणी विचारायचंही नाही. आणि ह्या बाळाची आत्या म्हणजे विभाताई.

विभावरी खांबेटे ही यशोधनची बहीण. चांगली दहा-बारा वर्षांनी मोठी. दोघं साताऱ्याची. आई टेलिफोन खात्यात पाळीवर, वडील फिरतीवर, त्यामुळे यशोधनला भरवलं, न्हाऊ घातलं, झोपवलं ते ताईनं. झोपवायची रीत तिची स्वतःची होती. गोष्ट सांगायची, पण गोष्टीतलं कोण कुठं उभं आहे हे आधी मांडून दाखवायचं. तांब्या म्हणजे राजा, फुलपात्र म्हणजे राणी, उलथनं म्हणजे राक्षस. भांडी पडून दणका झाला की यशोधन जागा व्हायचा आणि गोष्ट पहिल्यापासून सुरू व्हायची. आपल्याला लहानपणी झोप कमी मिळाली असं तो अजून म्हणतो.

पुढं ताई संस्कृत शिकली, आणि रामजन्माच्या निरनिराळ्या कथांवर संशोधन करायला हायडेलबर्गला आली. तिथं एका पावसाळी दुपारी ती अंग वाळवायला म्हणून भलत्याच वर्गात जाऊन बसली. वर्ग होता प्राचीन ज्यू वाङ्मयाचा. मोशेच्या, म्हणजे मोझेसच्या, जन्माची गोष्ट जुन्या ज्यू कथाकारांनी कशी पुनःपुन्हा सांगितली, हा विषय. अंग वाळलं, वर्ग संपला, पण ताई काही तिथून उठली नाही. राम राहिला बाजूला. तिनं हिब्रू गिरवली, अरामी गिरवली, आणि एक कथा पूर्ण रूपात फक्त इथियोपियाच्या जुन्या भाषेत उरली आहे असं कळल्यावर तीही शिकली. लग्न केलं नाही. म्हणजे नाही करायचं असं ठरवलं नव्हतं. प्रत्येक वेळी एखादी भाषा शिकायची राहिलेली असे. विद्यापीठात तिची नोकरी वर्षावर्षाच्या करारावर चालते, आणि आल्याचा चहा आणि लोखंडी कढई एवढी दोन सुखं सोडली तर तिच्या घरात पुस्तकांशिवाय बसायला जागा नाही.

साताऱ्याची एक काकू फोनवर एकदा म्हणाली होती, "अगं विभा, आपल्यात देव काय कमी पडले म्हणून तू तिकडच्यांचे धरलेस?"

"देव भरपूर आहेत, काकू," ताई म्हणाली, "बहीण कमी पडत होती."

काकूला कळलं नाही. यशोधनलाही बरीच वर्षं कळलं नव्हतं. मग एका रविवारी ताई वाल्डॉर्फला जेवायला आली, आणि मैथिलीनं सहज विचारलं, "विभाताई, त्या मोशेच्या जन्मात एवढं आहे तरी काय?" झालं. ताईनं टेबलावरच्या भाज्या बाजूला सारल्या. सांडशी आडवी ठेवली : ही नदी. किसणी उभी केली : हा मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, राजाचा वाडा. एका चमच्यात लवंग ठेवली : हे टोपलीतलं बाळ. आणि मिठाची बाटली लांब, टेबलाच्या कडेला नेऊन ठेवली.

"ही बहीण. मूळ पोथीत एवढंच आहे. राजाचा हुकूम, की ज्यू लोकांचे मुलगे झाले की नदीत टाका. आईनं तीन महिने लपवलं, मग टोपलीत घालून लव्हाळ्यात ठेवलं. आणि बहीण लांब उभी राहिली, काय होतं ते बघायला. संपलं. पुढच्या ओळीत राजकन्या आलीच. आता मला सांगा, एवढीशी पोर तिथं उभी राहून काय करत होती?"

आमटी निवत होती.

"तेच तर," ताई म्हणाली. "जुन्या कथाकारांनाही ते सोसवेना. एक म्हणतो, बाळ सात दिवस तिथं होतं. रात्री आई गुपचूप येऊन पाजायची, आणि दिवसा ही पोर पाखरं हाकलत बसायची. चोच मारतील म्हणून. दुसरा म्हणतो, ह्या बाळाचा जन्मच मुळी तिच्यामुळे. मुलगे मारतायत म्हणून बापानं बायकोला सोडलं, मूलच नको म्हणाला. तर ही पोरगी बापाला म्हणते, राजा फक्त मुलग्यांच्या मुळावर उठलाय, तुम्ही तर मुलींनाही जन्म देईनासे झालात. तुम्ही राजापेक्षा वाईट. बापानं ऐकलं. दुसऱ्यांदा वरात काढून बायकोला घरी आणलं, आणि ही वरातीपुढं नाचली. म्हणजे बघा, आईबापांच्या लग्नात नाचलेली मुलगी."

त्या दिवसापासून मैथिली ताईची भक्त झाली. यशोधनला त्या दिवशी मिठाच्या बाटलीकडे बघताना साताऱ्याची लहान ताई दिसली, पण तो सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे त्यानं ते बोलून दाखवलं नाही.

तर ही विभाताई. आईवडील आता नव्हते. खांबेट्यांच्या बाजूनं बारशाला उभं राहणारं माणूस ती एकटीच. लग्नकार्यात तिचं काय करायचं हे नातेवाइकांना कधी कळलं नाही. सवाष्ण म्हणून बोलवता येत नाही, पाहुणी म्हणून बसवता येत नाही. ह्या एकाच कार्यात तिच्याशिवाय कुणाचं चालणार नव्हतं. मैथिलीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा ताई फोनवर म्हणाली होती, "मग मला आता नाव शोधायला हवं." एवढ्या भाषा येणारी बाई सहा महिने एक नाव शोधत होती. आणि भावानं ते एका खिडकीत उभं राहून उरकून टाकलं.

त्यानं तिला फोनवर सांगितलं. आधी हवा, मग बाळाचं वजन, मग पुन्हा हवा, आणि शेवटी ओटो.

"ताई?"

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ताईचं 'बरं' हा प्रकार यशोधन लहानपणापासून ओळखून होता. ती ओरडली की जेवायला मिळायचं. 'बरं' म्हणाली की घरात वाटी ठेवल्याचा आवाजही मोठा वाटायचा.

स्नेहलताबाईंकडे तोडगा तयार होता. "कागदावर राहू दे तो रिक्षा. आपण घरात आपलं काय ते म्हणू." पण मैथिली म्हणाली, "आई, इथं कागदावर असतं तेच असतं. शाळेत, डॉक्टरकडे, पासपोर्टवर. उद्या त्याला ओटो म्हणून हाक मारतील आणि हा वळूनसुद्धा बघणार नाही." मग तिला रडू आलं, आणि यशोधन कोट चढवून जन्मनोंदणीच्या कचेरीत गेला.

कचेरीतल्या बाई सज्जन होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आल्झो, म्हणजे चूक तुमची."

"हो."

"नाव खरं तुमची बहीण ठेवणार होती. बाळाची टांटे. तिच्याकडे बाळाचा कायदेशीर ताबा आहे?"

"ताबा नाही. मान आहे."

"मान. तो कुठल्या कागदावर असतो?"

यशोधननं सांगितलं की कागदावर नसतो, पाठीवर असतो. आत्यानं नाव सांगितलं की बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. बाईंनी चष्मा काढला. त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत हे बसत नव्हतं. पण त्यांना ते आवडलेलं दिसलं. वचन काही देत नाही, त्या म्हणाल्या, पण टांटेला घेऊन या. तिनं स्वतः सांगावं की चाल अशी आहे आणि नाव अमुक होतं. मग वरिष्ठांना विचारून बघते. आणि त्यांनी बारशानंतरच्या सोमवारचा टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, लिहून दिला.

आता सगळं ताईच्या हातात. तिनं येऊन नाव सांगितलं तर ओटो पुसला जाण्याची आशा. नाही आली तर ओटो जन्माचा.

"येशील ना ताई?" त्यानं फोनवर विचारलं.

"आधी बाळ बघू दे," ती म्हणाली. "तुम्हाला कागदाचं पडलंय. मी अजून त्याचं तोंड पाहिलेलं नाही."

हे खरं होतं. सर्दी झाली म्हणून तिला इतके दिवस दवाखान्यात येऊ दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं गेली. खोलीच्या दाराशी पोचल्यावर ताईनं सवयीनं बूट काढले. आतून ब्रिगिटे म्हणाली, "बूट घाला, हात धुवा." ताईनं बूट घातले, हात कोपरापर्यंत धुतले आणि आत पाऊल टाकून तिथंच थांबली.

बाळाला कावीळ होती, म्हणून पेटीवर दिवा लावलेला होता. निळा. पडदे ओढलेले, त्यामुळे पेटी, भिंत, छत, ब्रिगिटेचे करडे केस, सगळं त्या निळ्या उजेडात बुडालेलं. मध्ये ते एवढंसं पोर, डोळ्यांवर पांढरी पट्टी, हात दोन्ही बाजूंना टाकलेले. यशोधनला त्या दिव्याची आता सवय झाली होती. त्याला तो मच्छर मारायच्या मशीनसारखा दिसायचा. पण ताईचा चेहरा बघून त्यानंही पुन्हा वर पाहिलं.

"जन्मला तेव्हा घर उजेडानं भरून गेलं," ती हळू आवाजात म्हणाली. "लिहिलंय तसं. कुठल्या रंगाच्या, ते कुणी लिहिलं नाही."

ती पेटीजवळ गेली. पुठ्ठ्यावरचं बदक पाहिलं, नाव वाचलं. ब्रिगिटेकडे एकदा खालून वर पाहिलं. यशोधनच्या मनात आलं, आता ही बोलणार. ताईचं जर्मन त्याच्यापेक्षा चांगलं होतं आणि तिला ज्यांच्याशी भांडायचं असे त्यांच्याशी ती अत्यंत शुद्ध बोलत असे.

तेवढ्यात मशीन किणकिणायला लागलं. बाळाची छाती हलायची थांबली होती. दिसायला काहीच नाही. रडणं नाही, धडपड नाही. नुसतं एक पोर, जे पुढचा श्वास घ्यायला विसरलंय. यशोधनची बोटं ताईच्या मनगटावर आवळली.

ब्रिगिटे धावली नाही. पेटीच्या बाजूला गोल खिडकी असते, त्या खिडकीतून तिनं हात आत घातला. मनगट गेलं, कोपर गेलं. तो भलामोठा, ठिपक्याठिपक्यांचा हात त्या निळ्या उजेडातून लांब, लांब जात बाळाच्या पायाशी पोचला आणि एका बोटानं तळवा घासला. "ना, ओटो," ती म्हणाली. रागावून नाही; शेजारच्या पोराला खेळातून घरी बोलवावं तसं. "ओटो. ये बघू."

आणि तो आला. छाती वर झाली, खाली झाली, पुन्हा वर झाली. मशीन गप्प झालं. ब्रिगिटेचा हात तिथंच राहिला, पाय मुठीत धरून.

यशोधननं हे आधीही पाहिलं होतं. ह्या वेळी तो पेटीकडे बघतच नव्हता. तो ताईकडे बघत होता. त्याला आठवतं तेव्हापासून ही बाई बोलत आलेली होती. आईच्या अंत्यविधीत बोलली, विमानात बोलली, दाढ काढताना म्हणे डॉक्टरशी बोलली. ती आत्ता ओठ घट्ट मिटून उभी होती आणि तिच्या गालांवरून निळं पाणी खाली येत होतं.

"हात लांब झाला रे," ती शेवटी म्हणाली.

"काय?"

"टोपली लव्हाळ्यात होती. राजकन्या काठावर. हात पोचेना. कथाकार म्हणतात, तिनं हात पुढं केला आणि तो वाढत गेला, वाढत गेला, टोपलीपर्यंत." तिनं नाक पुसलं. "हे मी दर वर्षी शिकवते, यश. दर वर्षी मुलं हसतात. मीही हसते. म्हणते, बघा, जुन्या लोकांना अतिशयोक्तीची केवढी हौस."

ब्रिगिटेनं वळून विचारलं, ही बाई कोण.

"बाळाची आत्या," यशोधन म्हणाला.

"मग बसा की," ब्रिगिटे म्हणाली. "उभ्या का?"

ताई बसली. त्या दिवशी बसली ती तिन्हीसांजेपर्यंत, आणि पुढं बाळ घरी जाईपर्यंत रोज दुपारी येऊन बसायला लागली. पेटीपासून जराशी लांब. पुस्तक नाही, फोन नाही. परिचारिकांना प्रश्न पडायचा की ही करते काय. यशोधनला एकदा विचारलंही. "पाखरं हाकलते," तो म्हणाला, आणि आपण असं का म्हणालो म्हणून स्वतःच दचकला.

बाळ घरी आलं आणि बारसं ठरलं. वाल्डॉर्फची चार ओळखीची घरं, वरच्या मजल्यावरचे शेजारी, आणि मैथिलीनं आग्रहानं बोलावलेली ब्रिगिटे, हातात स्वतः भाजलेला केक घेऊन. स्नेहलताबाईंनी घुगऱ्या केल्या होत्या. पाळण्याला फुलं बांधली होती. सगळ्यांना सोमवारची गोष्ट माहीत होती. ब्रिगिटेला तेवढी नव्हती. आणि ताई काय ठरवून आली आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. मैथिलीनं यशोधनला कोपऱ्यात विचारलं, "काही बोलल्या का?" तो म्हणाला, "घुगऱ्यांत मीठ कमी आहे म्हणाली."

बायकांनी बाळ पाळण्याखालून, पाळण्यावरून इकडून तिकडे दिलं, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या करत. मग सगळे थांबले. आत्यानं पुढं व्हायचं. ताई पुढं झाली, पाळण्याची दोरी धरली, आणि वाकायच्या ऐवजी लोकांकडे तोंड करून उभी राहिली.

"एक मिनिट," ती म्हणाली. यशोधननं डोळे मिटले. ताईचं एक मिनिट म्हणजे सत्र संपेपर्यंत.

पण ती थोडक्यातच बोलली. आधी मराठीत, मग तेच जर्मनमध्ये. "फार जुनी गोष्ट आहे. एका बाळाला नदीतून बाहेर काढलं. त्या बाळाला नावं पुष्कळ होती. बापानं एक ठेवलं होतं. आईनं एक. भावानं, आजोबांनी, दाईनंसुद्धा. बहिणीनंही ठेवलं होतं." इथं ती जरा थांबली. "बहिणीचं नाव चांगलं होतं. त्या सगळ्या नावांना अर्थ होता, कथाकारांनी ती सगळी जपून ठेवलीत. पण तो मोठा झाला, आणि देवानं त्याला हाक मारली. देवाला सगळी नावं माहीत होती. त्यानं त्यातलं एकही घेतलं नाही. परक्या घरच्या त्या मुलीनं, जिनं हात घालून बाहेर काढलं होतं, तिनं ठेवलेल्या नावानं हाक मारली. देव म्हणाला, मी ह्याच नावानं बोलावीन."

वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यानं घुगऱ्यांचा घास तोंडात तसाच ठेवला होता. यशोधन ताईकडे बघत होता. मूळ पोथीत बहीण लांब उभी राहिली, आणि राजकन्या आल्यावर पुढं येऊन बोलली. पुढं येताना तिला काय वाटलं असेल, हे कुठल्याच कथाकारानं लिहिलेलं नसेल, असं त्याला वाटलं. ते त्याला समोर दिसत होतं.

ताईनं ब्रिगिटेला हात धरून पाळण्याशी आणलं, दोरीचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं. मग ती वाकली. बाळाच्या कानाला तोंड लावून तिनं काहीतरी सांगितलं. दोन अक्षरांना लागतो त्याहून बराच जास्त वेळ लागला. मग तिनं मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "कुर्रर्र! ओटो!"

ब्रिगिटेच्या हातातून दोरी सुटली. "माझा ओटो?" ती म्हणाली. "तुम्ही तोच ठेवलात?"

मैथिली रडत रडत हसायला लागली आणि तिनंच पहिला धपाटा घातला. मग बाकीच्या बायका तुटून पडल्या. ही चाल आहे असं कळल्यावर ब्रिगिटेही पुढं आली. तिनं आयुष्यभर मुठीएवढ्या पोरांना एका बोटानं हाताळलं होतं. मोठ्या माणसांच्या पाठीवर ती कसर भरून निघाली. ताई पाळण्यावर कोसळता कोसळता वाचली.

"नाव शोभतं हो," स्नेहलताबाई डोळे पुसत म्हणाल्या. मग जरा विचार करून, "मीटरनं चालला म्हणजे झालं."

संध्याकाळी यशोधन ताईला हायडेलबर्गच्या बसपर्यंत सोडायला गेला. तिच्या हातात उरलेल्या केकचा डबा होता. सोमवारी आम्ही येत नाही असं कचेरीतल्या बाईंना कळवायला तिनं त्याला दोनदा बजावलं, आणि त्यांना घुगऱ्या नेऊन दे असंही. तो हो हो म्हणत होता. त्याला काहीतरी मोठं बोलायचं होतं आणि ते त्याच्या कुठल्याच भाषेत बसत नव्हतं. बस वळणावर दिसली तेव्हा त्यानं नेहमीसारखं भलतंच विचारलं.

"ताई, कानात एवढा वेळ काय सांगत होतीस? तू शोधलेलं नाव ना? सांग तरी, काय होतं ते?"

ताईनं डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि मागं वळून म्हणाली,

"ज्याचं आहे त्याला सांगितलंय, तुला काय करायचंय?"